राखीव खेळाडूची आई

प्रेमिलाच्या रागाची नागपूरच्या तांडापेठेतल्या त्या गल्लीला सवय होती. दूधवाल्यानं पाणी घातलं की ती भर चौकात त्याच्याच चरवीत त्याला त्याचं तोंड बघायला लावायची. रेशनच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं की त्याच्या सात पिढ्यांची उजळणी व्हायची. हे सगळं आटोपून घरी आली की शांतपणे चहा टाकायची. राग हा हिचा जोडधंदा आहे, असं तिचा नवरा गिरिधर म्हणायचा, अर्थात ती ऐकायला नसताना. पण चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात तिला जो राग आला तो या जातीचा नव्हता. तो चहानं उतरला नाही.

गल्ली कोष्ट्यांची. पंधरा घरं, घरटी एक हातमाग, आणि त्यातलं एकच घर ख्रिस्ती. गिरिधरच्या आजोबांनी मिशनच्या शाळेत शिकून बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीनं तोंड फिरवलं. पण म्हाताऱ्यानं गल्ली सोडली नाही आणि माग तर नाहीच नाही. लुगडी विणणं चालूच राहिलं. नाताळात दाराला कागदाची चांदणी लागायची आणि गणपतीच्या आरतीला ही मंडळी उभी राहायची नाहीत, एवढाच काय तो फरक. लग्नकार्यात त्यांना बोलावणं यायचं, पण पान शेवटच्या ओळीत, जरा सुटं मांडलेलं. प्रेमिला त्या पानावर जेवायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

एका कामात मात्र गल्लीनं त्यांना कधी सुटं मांडलं नाही. ते काम म्हणजे पांजणी. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत मागावर चढवायच्या आधी त्याला खळ द्यावी लागते. भल्या पहाटे तो लांबच लांब ताणा गल्लीभर बांबूच्या घोड्यांवर पसरायचा, दोन्ही टोकांचे दोर ओढून धरायचे, आणि कुंच्यांनी खळ लावत, धागे सोडवत, तुटलेले जोडत, ताणा वाळेपर्यंत मागंपुढं चालत राहायचं. गल्लीत डांबर पडल्यापासून खुंट्या ठोकायची सोय राहिली नव्हती, म्हणून दोर माणसांनीच धरायचे. ओला ताणा सैल पडला की धागे एकमेकांना चिकटून बसतात आणि दोन महिन्यांच्या लुगड्यांची माती होते. हे एका घराच्या हातानं होणारं काम नाही. ज्याची पांजणी असेल त्याच्याकडे प्रत्येक घरातून माणूस जायचंच, मग आदल्या संध्याकाळी एकमेकांची डोकी फुटली असली तरी.

प्रेमिलाला एकच लेक, शामला. तेरा वर्षांची, आठवीत, बापासारखी अबोल आणि आईसारखी काटक. धावायची तर अशी, की फोडणी टाकताना मिरच्या संपल्याचं लक्षात आलं आणि शामलाला दुकानात पिटाळलं, तर फोडणी जळायच्या आत मिरच्या हातात. शाळेच्या खो-खोच्या संघात तिला घेतलं त्या दिवशी प्रेमिलानं गल्लीभर गूळ वाटला. संघाची कप्तान याच गल्लीतली होती, चौथ्या घरच्या रुखमाबाईची जयवंता. रुखमाबाईनंही गूळ घेतला आणि म्हणाली, "बरं झालं वं, दोघी संगं जातील, संगं येतील."

ऑक्टोबरात जिल्ह्याचे दोन साहेब शाळेच्या मैदानावर निवडीचा सामना पाहायला आले. बारा मुली निवडून वर्ध्याच्या स्पर्धेला न्यायच्या होत्या. प्रेमिलानं त्या दुपारी सुताच्या कांड्या भरायचा चरखा बाजूला सारला, ठेवणीतलं पातळ नेसली आणि मैदानाच्या तारेबाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली. खो-खोत बसलेल्या गड्याला आपल्या मनानं उठता येत नाही. पाठलाग करणारीनं मागून येऊन पाठीला हात लावून 'खो' म्हटलं, तरच उठायचं आणि धावायचं. शामला पाचव्या चौरसात बसली होती, टाच उचललेली, हाताची बोटं मातीत रोवलेली. जयवंता तिच्या पाठीमागून गेली आणि पुढच्या पोरीला खो दिला. मग दुसरी एक गेली. मग तिसरी. खेळ शिकवणारे मास्तर, ज्यांना सगळे भैयाजी म्हणायचे, त्यांची भाची भागीरथा सात वेळा उठली. शामला प्रत्येक वेळी टाच उचलायची आणि परत टेकवायची. एक डाव संपला, दुसरा संपला. दोन्ही डावांत तिच्या पाठीला कुणाचा हात लागला नाही. पळतीच्या पाळीला तिचं नाव शेवटच्या तुकडीत होतं, आणि ती तुकडी उतरायच्या आतच वेळ संपली. जाता जाता कुणीतरी हसत म्हणालं, "पावडर, बसून राह्य."

पावडर! मिशनमध्ये पूर्वी गरिबांना दुधाची पावडर वाटायचे, आणि पावडरीसाठी बाटले असं ख्रिस्ती लोकांना चिडवायची रीत होती. गिरिधरच्या आजोबांनी उभ्या जन्मात दुधाची पावडर पाहिली नव्हती. पण चिडवणाऱ्याला हिशेब कोण विचारतो? साहेब लोक वहीत लिहीत होते. बसून राहिलेल्या पोरीबद्दल ते बिचारे काय लिहिणार?

त्या संध्याकाळी प्रेमिलानं घरात पाऊल टाकायच्या आधीच तोंड सोडलं. "काहून बसून राहिली तू दगडासारखी? तोंड नाई का तुले? ओरडायचं होतं!"

"खो मांगता नाई येत, आई," शामला म्हणाली.

"मंग घरी येऊन मले सांगता येत नव्हतं? कधीपासून चालून राहिलं हे?"

शामला जमिनीकडे पाहत राहिली. तिचं ते पाहत राहणं प्रेमिलाला सहन झालं नाही आणि तिनं लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला. दिवसभर ज्या पाठीला कुणी हात लावला नव्हता, तिच्यावर पहिला हात आईचा पडला. हे तेव्हा प्रेमिलाला सुचलं नाही. सुचलं तेव्हा तिला स्वतःचा हात तोडून टाकावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी ती भैयाजींना जाऊन भेटली. ते खुर्चीत बसून संत्रं सोलत होते. "खेळात असं होतच राहते, बाई," ते म्हणाले. "पोट्टी नरम हाय तुमची. घरी थोडं कडक करा तिले." एक फोडही पुढं न करता त्यांनी ते अख्खं संत्रं संपवलं. यादी लागली तेव्हा बारावं नाव शामलाचं होतं आणि त्याच्यापुढं लिहिलं होतं, राखीव.

राखीव म्हणजे काय हे वर्ध्यात कळलं. तीन दिवस शामलानं बाकीच्यांचे बूट सांभाळले आणि पाण्याची बादली भरली. संघ तिसऱ्या दिवशी हरला, आणि परतीच्या बसमध्ये पोरींनी ठरवून टाकलं की पावडर संगं आली म्हणून अपशकुन झाला. नागपूर येईपर्यंत तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. हे सगळं प्रेमिलाला दुसऱ्याच एका पोरीकडून समजलं. शामलानं घरी येऊन एवढंच सांगितलं, "मी आता नाई जात खेळायले." प्रेमिलानं विचारून पाहिलं, ओरडून पाहिलं, शपथ घालून पाहिलं. पोरगी तोंड उघडेना. शाळा सुटली की मागच्या बोळातून घरी यायची आणि कोपऱ्यात बसून कांड्या भरत राहायची. एकदा प्रेमिलानं मुद्दाम कढईत तेल तापवून तिला मिरच्या आणायला पाठवलं. शामला चालत गेली आणि चालत आली. फोडणी जळून कोळसा झाली.

तेव्हा प्रेमिलाला भीती वाटली. खेळ जाऊ दे चुलीत. पण आपली पोर आपल्या डोळ्यांदेखत विझत चालली आहे आणि आपल्याला एक शब्दही सांगत नाही, ही भीती होती. आणि प्रेमिलाला भीती वाटली की तिचा राग होई.

"जातेच मी त्या रुखमाबाईकडे," ती म्हणाली. "तिच्या पोट्टीनं सगळ्यांले शिकवलं. झिंज्या उपटते दोघींच्या."

गिरिधरनं विणता विणता हातातला धोटा खाली ठेवला. "पुढच्या महिन्यात आपली पांजणी हाय. गल्लीशी भांडली तं कोण येईल दोर धराले?"

"म्हणजे पोरीच्या तोंडाले खळ लावून बसवायची अन् आपण लुगडे विणायचे?"

गिरिधरनं धोटा परत उचलला. त्याचं चुकत होतं असंही नाही. गल्ली आली नाही तर ताणा नाही, ताणा नाही तर माग रिकामा, आणि रिकाम्या मागावर चूल पेटत नाही. एकट्या घरानं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा असतो, हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं. प्रेमिलाला त्याचा राग आला, आणि तो खरं बोलतो याचा त्याहून आला.

रविवारी उपासना संपल्यावर तिनं पाळकसाहेबांना मिशनच्या देवळाच्या दारातच गाठलं आणि सगळं सांगितलं. साहेब सज्जन होते. म्हणाले, "क्षमा करा, प्रेमिलाबाई. या जगातले मान-सन्मान नाशवंत आहेत."

"साहेब," प्रेमिला म्हणाली, "तेरा वर्षांच्या पोरीले नाशवंत म्हणजे काय ते तुम्हीच येऊन समजवा." आणि सलाम न करता निघाली. सलाम न करता देवळातून निघण्याची तिच्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

ही बातमी सुभद्राबाईंपर्यंत गेली नसती तरच नवल. सुभद्राबाई सत्तरीच्या. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात त्यांनी प्रेमिलाला लहानाची मोठी केली होती, तिच्या उवा काढल्या होत्या आणि तिच्या हातून फुटलेल्या खिडकीची काचही स्वतः बसवून घेतली होती. मंगळवारी दुपारी छत्री टेकत त्या आल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "चल, प्रार्थना कर."

"मले नाई होत, बाई. मी देवावर बी रागावली हाय."

"मंग तेच सांग त्याले. त्याले काही नवीन नाई ते."

प्रेमिलानं डोळे मिटले आणि तिचा बांध फुटला. तू पाहून राहिला होता ना, ती म्हणाली. तुले तं सगळं दिसते म्हणतात. मंग माझी पोर मातीत बसली होती तेव्हा तू काहून गप्प बसला? ज्यांनी तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवली त्यांचे पाय काहून नाई मोडले? मी दर रविवारी येते, तुझं गाणं गाते, अन् तू माझ्या एकुलत्या एका पोरीले बूट राखायले बसवते? त्या बोलण्यात स्तुती नव्हती, आभार नव्हते, क्षमा तर कुठंच नव्हती. शेवटी तिला धाप लागली. सुभद्राबाई शांतपणे म्हणाल्या, "आमेन."

मग त्यांनी चष्मा पुसला. "आता मी एक विचारते. हे पोरीनं तुले स्वतः काहून नाई सांगितलं?"

उत्तर आलं ते मागाच्या पलीकडून, चरख्याच्या घरघरीतून. "आई चिडली असती." चरखा थांबला. "तितं बी भेव वाटते, अन् इतं बी."

प्रेमिलानं तोंडात पदर कोंबला. तिच्या आयुष्यात तिला इतकं कुणी कधी मारलं नव्हतं. सुभद्राबाईंनी तिला रडू दिलं, पण फार वेळ नाही. "राग फेकून दे असं मी म्हणत नाई," त्या म्हणाल्या. "येशूनं बी देवळातल्या सराफांचे टेबल उलथवले होते. पण कोणाचे उलथवायचे ते पाहून उलथवले. तू पोरीच्या अन् लोकांच्या मधात उभी राह्य. पोरीच्या अंगावर नको कोसळू." जाताना शामलाच्या डोक्यावर हात ठेवून त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. काही उपदेश केला नाही, म्हणून पोरगीही त्यांच्या हाताखालून सरकली नाही.

गुरुवारी रुखमाबाईची पांजणी होती.

गिरिधरला वाटलं, बायको जाणार नाही. प्रेमिला पहाटे उठली, पदर खोचला आणि शामलाला म्हणाली, "तुले यायचं तं ये. नाई आली तरी चालते." शामला आली. ताणा पसरला होता, खळीचा आंबूस वास गल्लीभर सुटला होता, माणसं दोन्ही अंगांना उभी होती. प्रेमिलानं नेहमीप्रमाणे टोकाचा दोर धरला. दोर धरणारीनं मागं रेलून सगळं वजन द्यायचं असतं आणि मालकीण म्हणेपर्यंत सोडायचा नसतो. कुंचे चालू झाले. ताणा चिंब ओला झाला, आणि आता तो वाळेपर्यंत कुणालाच जागा सोडून जाता येणार नव्हतं.

रुखमाबाई कुंचा फिरवत आली. तिच्या मनात काही वाईट असेल-नसेल, ती म्हणाली, "आली का वं शामला? बरं झालं, ते खेळाचं लफडं सुटलं एकदाचं. तुमच्या पोट्टीले कांड्याच बऱ्या."

प्रेमिलाच्या हातात दोर होता. फक्त मूठ उघडायची होती. रुखमाबाईचे दोन महिने, तिचा गर्व, तिच्या पोरीचा कप्तानीचा तोरा, सगळं एका क्षणात चिकटून गोळा झालं असतं, आणि हात घामानं सुटला असं म्हणायलाही जागा होती. हा विचार प्रेमिलाच्या मनात आला. आला एवढंच नव्हे, त्याला चांगली चव होती. मग तिनं दोराचा एक वेढा मनगटाभोवती आणखी घेतला, मागं रेलली आणि बोलायला लागली.

"रुखमाबाई, तुम्हाले आता कुठं जाता येत नाई अन् मले बी नाई, म्हणून आयका. सगळेच आयका." आणि तिनं सांगितलं. निवडीचे दोन डाव, रिकामी पाठ, बूट, बादली, बस. पावडर हा शब्द तिनं असा उच्चारला की दोन-तीन बाया कुंच्याकडे पाहू लागल्या, कारण त्यांनीही तो घरी वापरला होता. तिचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना पोहोचत होता. दोर मनगटात रुतत होता, पण ताणा बोटभरही सैल पडला नाही. "तुमच्या पांजणीले माझा हात चालते," ती शेवटी म्हणाली, "अन् माझ्या पोरीच्या पाठीले तुमच्या पोरीचा हात नाई चालत. काहून?"

"खोटं हाय!" रुखमाबाई ओरडली. "माझी जयवंता तशी नाई!"

"तशीच हाय! कप्तान कोण हाय? तिनंच..."

"आई, थांब."

शामला बोलली होती. तुटलेला धागा दोन बोटांत धरून ती ताण्याच्या अलीकडे उभी होती आणि बरोबर समोर, पलीकडे, कुंचा घेतलेली जयवंता. "मी बोलते," शामला म्हणाली. प्रेमिलाच्या ओठावर पुढची शिवी तयार होती. ती तिनं गिळली, आणि असं काही गिळायची तिला मुळीच सवय नव्हती.

"जयवंता, मले खो काहून नाई दिला तू?"

जयवंतानं एकदा आईकडे पाहिलं. "भैयाजीनं सांगतलं होतं," ती म्हणाली. "तू उठली तं साहेब तुलेच घेतील म्हणे, अन् भागीरथा राहून जाईल. तुले खो दिला तं माझी कप्तानी काढतो म्हणाले. सगळ्यांलेच तंबी देल्ली होती."

प्रेमिलाच्या कानशिलात घण बसला. महिनाभर ती चोर सोडून संन्याशाच्या मागं लागली होती. संन्याशीही काही फार चांगला नव्हता, पण चोर तिकडं खुर्चीत बसून संत्रं सोलत होता, आणि तिनं त्याच्याच सांगण्यावरून पोरीला कडक केलं होतं.

"अन् पावडर?" शामलानं विचारलं. "ते बी भैयाजीनं सांगतलं?"

जयवंतानं मान खाली घातली. "नाई. ते आम्हीच."

रुखमाबाईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. लेकीला तिथंच बदडावी असं तिला वाटत होतं, पण हातात खळीचा कुंचा. ती प्रेमिलाची क्षमा मागेल असं कुणाला वाटलं असेल तर त्यानं रुखमाबाईला ओळखलं नाही. ती म्हणाली, "पहिले ताणा वाळू दे. मंग येते मी शाळेत."

दोन तास गेले. उन्हं छपरावरून उतरून सुतावर आली. प्रेमिलानं तो राग दोराबरोबर धरून ठेवला आणि ताणा कडक वाळला तेव्हाच हात मोकळा केला. मनगटावर वळ उठला होता. कोपरापर्यंत खळ तशीच ठेवून दोघी बाया शाळेकडे निघाल्या, आणि रस्त्यात एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

शाळेत काय व्हायचं तेच झालं. भैयाजी म्हणाले, पोट्ट्या खोटं बोलतात. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, स्पर्धा तर होऊन गेली, प्रकरण वाढवण्यात अर्थ नाही, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी! पोर आज मेली तरी यांना पुढच्या वर्षी पाहायला वेळ आहे. प्रेमिलानं खळीनं माखलेला हात त्यांच्या स्वच्छ टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षीचं राहू द्या. उद्याच्या सरावाले मैदानावर दुसरी एक बाई उभी पायजे. रोज." रुखमाबाई म्हणाली, "नाई तं मी बी माझ्या पोट्टीले काढते, अन् काहून काढलं ते गल्ली गल्ली सांगते." मुख्याध्यापिकाबाईंनी टेबलावरच्या डागाकडे पाहिलं आणि शिवणाच्या बाईंना पाठवायचं कबूल केलं. भैयाजींची शिट्टी भैयाजींच्याच गळ्यात राहिली. कुणी त्यांना एका शब्दानं बोललं नाही. हा अन्याय प्रेमिला पुढं म्हातारी झाली तरी विसरली नाही, आणि विसरावा असं त्यात काही नव्हतंही.

घरी येताच ती कडाडली, "त्या शाळेत आता पाऊल नाई ठेवायचं. मी उद्याच दाखला काढून आणते अन्..." आणि शामला जमिनीकडे पाहू लागली. तेच पाहणं. प्रेमिला मध्येच थांबली. तिला थांबायला फार कष्ट पडले. हात धुवायच्या निमित्तानं ती न्हाणीत गेली आणि बराच वेळ नुसतं पाणी ओतत राहिली. देवा, आता मले गप्प बसव, ती पुटपुटली, मले एकटीले नाई जमत. परत आली तेव्हा ती लेकीच्या समोर जमिनीवर बसली.

"तुले काय पायजे?"

"मले खेळायचं हाय," शामला म्हणाली.

"अन् त्या मास्तरनं परत बसवलं तं?"

"तं तुले येऊन सांगीन." मग आईकडे बघत, "पण सांगून होईपर्यंत तू ओरडायचं नाई."

प्रेमिलानं कबूल केलं. आपण काय कबूल करतोय हे तिला चांगलं माहीत होतं. गिरिधर मागावरून आ वासून पाहत राहिला.

दुसऱ्या संध्याकाळी शामला घरी आली ती गुडघा फोडून घेऊन. प्रेमिला चरख्यावर कांड्या भरत होती. "पाय धू," ती म्हणाली आणि जीभ चावून गप्प राहिली. शामलानं पाय धुतले, जखमेवर हळद लावली आणि आपण होऊन तिच्याजवळ येऊन बसली.

"भैयाजीनं माझ्याकडं पाह्यलंच नाई," ती म्हणाली. "शिवणाच्या बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. जयवंतानं दोनदा खो दिला. मी एकीले बाद केलं, खांबाजवळ, तितंच पडली." गुडघ्याकडे बघून ती जराशी हसली. मग हसू गेलं. "पण भागीरथानं नाई दिला. तीनदा मागून गेली. अन् जाता जाता पावडरच म्हणाली."

प्रेमिलाचा हात चरख्यावर आवळला गेला. सूत ताडकन तुटलं. भागीरथाचं घर कुठल्या गल्लीत आहे ते तिला माहीत होतं, चप्पल दारातच होती, आणि तिच्या अंगातली प्रत्येक शीर तिकडं धावायला उठली होती. राग कुठं गेला नव्हता. पूर्वीपेक्षा जास्तच होता.

शामला तिच्या तोंडाकडे पाहत होती, पुढचं सांगावं की नाही ते ठरवत.

"मंग?" प्रेमिला म्हणाली.

शामलानं पाय पसरले आणि पुढचं सांगायला लागली.